बघून संपणारा उजेड

आमच्या घरातल्या दोन बायका एकाच प्रयोगशाळेत काम करतात. एक मी, दुसरी माझी वहिनी. नणंद-भावजय सकाळी एका दारातून बाहेर पडतात, दिवसभर एका इमारतीत असतात, संध्याकाळी पुन्हा त्याच दारातून आत येतात आणि तरी अजून एकमेकींच्या झिंज्या धरत नाहीत, याचं लोकांना फार नवल वाटतं. त्यात नवल कसलं? वहिनी वस्तू बनवते, मी ती मोजते. ती वरच्या मजल्यावर, मी तळघरात. मध्ये भरपूर जिने आहेत, आणि नात्यांसाठी मला तरी जिन्यांहून चांगलं औषध ठाऊक नाही.

दादा मला लहानपणापासून ठिणगी म्हणतो. नाव काही उगाच पडलेलं नाही. कुणी मोघम बोललं की माझं डोकं तडकतं. ‘बराच उजेड’, ‘थोडा कमी’, ‘साधारण तेवढाच’ असं माझ्या खोलीत कुणी म्हणायचं नाही. तिथे उजेड मोजायची यंत्रं आहेत, त्यांना विचारायचं.

वहिनी सिलिकॉनचं पॉलिमर बनवते. पॉलिमर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे प्लॅस्टिकची बादली येते. ठीक आहे, तिथूनच सुरू करू. बादलीतल्या लांबलचक साखळ्यांचा कणा कार्बनचा असतो. वहिनीच्या साखळ्यांचा कणा सिलिकॉनचा, म्हणजे साध्या वाळूत जे असतं त्याचा. गंमत अशी की या कण्यातले इलेक्ट्रॉन जागच्या जागी गप्प बसत नाहीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंदडत असतात. त्यामुळे त्यावर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा धरला की ते स्वतःच उजळतं. नुसत्या सरळ साखळीचा उजेड आपल्या डोळ्यांना धड दिसत नाही. वहिनीनं साखळीला फांद्या फोडल्या आणि तो निळा होऊन दिसायला लागला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी यंत्राकडे बघायचं विसरले होते. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

पण या पॉलिमरला एक खोड आहे. ज्या दिव्यानं ते उजळतं, तोच दिवा त्याचे दुवे तोडतो. तुटलेल्या जागी हवेतला ऑक्सिजन घुसतो, आणि हळूहळू सगळ्याची पुन्हा वाळूसारखीच काहीतरी वस्तू होते. दिसायला काचेसारखी स्वच्छ, पण विझलेली. हे काही गुपित नव्हे. या विषयात काम करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. म्हणूनच पुढे जे घडलं त्यावर हसावं की कपाळ बडवावं, मला कळत नाही.

वहिनी मधली बरीच वर्षं घरी होती. आधी दोन मुलं पाठोपाठ झाली, मग बाबांचं आजारपण आलं. बाबा गेले, मुलं शाळेत रमली, आणि एक दिवस जेवताना ती म्हणाली, “मी परत जाऊ का कामाला?” दादा म्हणाला, “विचारतेस काय, जा की.” आई उठली. ताट उचलून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून मुलांना शाळेत सोडणं-आणणं तिनं आपल्याकडे घेतलं, तेही न बोलता.

आई म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे. ती आमच्याच संस्थेत भांडारप्रमुख होती. काचेच्या नळीपासून झाडूपर्यंत सगळं तिच्या खिडकीतून मिळायचं, आणि मागणाऱ्याला ती असं काही बघायची की माणूस दोनाऐवजी एकच नळी मागायचा. निवृत्त झाली तरी तिची पावलं संस्थेकडे वळतातच. दुपारी मुलांना आणायच्या आधी एक चक्कर टाकायची, जुन्या मैत्रिणींबरोबर चहा घ्यायचा, आणि येताना ‘अमक्याच्या जिन्यावर धूळ आहे’ अशी बातमी आणायची. कौतुक हा माल मात्र तिच्या भांडारात कधीच नव्हता. मला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा ती म्हणाली होती, “फ्रेम कुठे लावणार, भिंतीला भोक पडेल.” मी मुलगी, मला सवय आहे. वहिनीला ते लागायचं. घरी ती कधी उत्साहानं सांगायला लागली की आज रंग कसा जांभळा आला, तर आई म्हणायची, “जांभळा येवो नाहीतर पिवळा. आधी जेवून घ्या, गार होतंय.”

तर वहिनी परत आली ती आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, म्हणजे सरांकडे, तात्पुरत्या जागेवर. बाहेरच्या परीक्षकांनी अट घातली होती. पॉलिमरचा पातळ थर दिलेली एक पट्टी तीन महिने अंधारात ठेवायची. शेवटी तिचा निदान पाऊण उजेड शिल्लक असला, तर काम पुढे चालू आणि वहिनीची जागा कायम. नसला, तर काम बंद. काम बंद म्हणजे वहिनी घरी. इतकी वर्षं मध्ये मोकळी गेलेल्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार होतं? हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही दोघी त्यावर चकार शब्द काढत नव्हतो.

त्या पट्टीसाठी तिनं जे पॉलिमर केलं, ते करताना मी वर जाऊन बघितलं होतं. टोल्युइन नावाच्या उकळत्या द्रावकात सोडियम वितळून त्याचे बारीक चमकते मणी झालेले, वरून नायट्रोजन सोडलेला, कारण हवा किंवा पाणी आत गेलं तर भडकाच उडायचा. त्यात ती दुसरं रसायन थेंबाथेंबानं सोडत होती. चेहरा शांत, ओठ किंचित दाबलेले, मनगट एकदम स्थिर. घरी पाणी देताना पेला सांडणारी बाई ती हीच का, असा प्रश्न पडावा. बघता बघता पात्रातला द्रव जांभळा झाला. पुढे धुऊन-गाळून त्याचा पांढराशुभ्र धागा-धागा निघाला. तो विरघळवून, गरगर फिरणाऱ्या क्वार्ट्झच्या पट्टीवर त्याचे थेंब टाकून तिनं इतका पातळ थर दिला की पट्टीवर काही आहे हे नुसत्या डोळ्यांना कळू नये.

पट्टी पितळी चौकटीत बसवून अंधारखोलीतल्या कपाटात ठेवली. अंधारखोली तळघरातच, पण माझ्या खोलीपासून पार दुसऱ्या टोकाला. आठवड्यातून एकदा मी ती आणून मोजायचे. मोजताना दिवा लावावा लागतोच, पण माझा उजेड म्हणजे सुईच्या टोकाएवढा ठिपका, तोही डोळा मिटून उघडेपर्यंत, आणि दर वेळी नव्या जागी. माझ्या मोजण्यानं पट्टीचं काही बिघडणार नाही याची खात्री मी आधीच करून घेतली होती.

पहिल्या आठवड्यात सगळं छान होतं. मग आलेख उतरायला लागला. आधी हळू, मग घसरगुंडीवरून पोरं उतरतात तसा. महिनाभरातच मला कळून चुकलं की असंच चाललं तर पाऊण सोडा, पाव उजेडसुद्धा उरणार नाही.

वहिनीनं काय काय नाही केलं! पट्टी बदलता येत नव्हती, तर तिनं त्याच पॉलिमरचे उरलेले धागे पुन्हा पुन्हा तपासले. सोडियमचं मीठ आत राहिलं असेल का? नव्हतं. साखळ्या आखूड पडल्या का? नव्हत्या. कपाटात हवा फार खेळते का? तिनं कपाटात नायट्रोजन सोडायची सोय केली. आलेख उतरतच राहिला. घरी ती मुलांचे अभ्यास घ्यायची, हसायची, पण भाजी चिरता चिरता मध्येच सुरी धरून उभी राहायची. आई ते बघायची आणि सुरी तिच्या हातातून काढून घ्यायची. “बोट कापशील,” म्हणायची. एवढंच.

परीक्षक यायला थोडेच दिवस उरले होते. वहिनीनं मला जिन्यात गाठलं.

“ठिणगे, मी सरांना सांगून टाकते. परीक्षकांना बोलावूच नका म्हणते. उगाच सगळ्यांसमोर शोभा कशाला?”

“काय सांगणार?”

“हेच की माझं पॉलिमर टिकत नाही. अंधारातसुद्धा टिकत नाही.”

“असं कुणी सांगितलं?”

“तुझ्याच यंत्रानं.”

माझं डोकं सणकलं. यंत्र कधी ‘टिकत नाही’ असं म्हणत नाही, ते फक्त आकडा देतं. म्हणायचं काम माणसं करतात. मी तिला म्हटलं, “आज सरांकडे जायचं नाही. गेलीस तर मी तुझ्याशी घरी बोलणार नाही.”

“ते एक सुखच होईल,” ती म्हणाली आणि तिला रडू आलं. जिन्यावरून माणसं जात होती. मी तिला भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि पाठीमागे पहाऱ्यासारखी उभी राहिले. मला दुसरं काही सुचलं नाही. माझं माणूस असं हरलेलं बघवत नाही मला, आणि ही बाई माझी होती.

त्याच रागात मी खाली गेले आणि पट्टी माझ्या खोलीत आणली. चौकट तिरकी बसली असेल, माझा ठिपका चुकत असेल, काहीतरी माझंच चुकत असेल असं शोधून काढायचं ठरवून मी चिमट्यानं पट्टी चौकटीतून बाहेर काढली. चौकटीतून ती याआधी कधी काढलीच नव्हती. काढायची गरजच पडली नव्हती. सगळ्यात मंद दिवा लावला, आणि तशीच उभी राहिले.

पट्टीचा मधला भाग मेल्यासारखा होता. पण चारही कडांना, जिथे चौकटीच्या पितळी ओठाखाली पट्टी दडलेली होती, तिथे बारीक निळी किनार लख्ख जळत होती. अगदी पहिल्या दिवशीसारखी. मी पटकन दिवा बंद केला आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर धावले.

वहिनीला हाताला धरून खाली आणलं, दाखवलं, आणि परीक्षकांच्या वर ताण करून विचारलं, “चौकटीच्या खाली हवा जाते की नाही?”

“जाते. चौकट काही हवाबंद नाही.”

“मीठ राहिलं असतं तर ते फक्त मधल्या भागात राहिलं असतं का?”

“नाही. सगळीकडे सारखंच राहिलं असतं.”

“मग कडेला काय पोचत नाही?”

ती किनारीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “उजेड.”

“तुझं पॉलिमर अंधारात टिकतं, वहिनी. त्याला अंधारात ठेवलंच नाहीये कुणी.”

आता माझ्या रागाला जागा मिळाली. मी आधी चावीकाकांना धरलं. इमारतीतल्या सगळ्या चाव्या त्यांच्या कमरेला असतात. काका म्हणाले, “मी? छे! एकदा फक्त. पाहुणे आले होते, सरांनीच सांगितलं, जरा दाखव म्हणून.” सरांकडे गेले. सर चष्मा पुसत म्हणाले, “अहो, पाहुण्यांना दाखवण्यासारखं आपल्याकडे दुसरं आहे काय? पण फार नाही हं. एकदाच. म्हणजे, जे जे आले त्यांना एकेकदाच.” शेजारच्या प्रयोगशाळेतल्यांनी एकदाच पाहिलं होतं. हिशेब विभागानं एकदाच, सगळ्यांनी मिळून. घरी आल्यावर दादाला विचारलं, तर तो कान खाजवत म्हणाला, “मुलांना दाखवलं गं एकदा. आईचं काम बघायला नको का त्यांनी?”

प्रत्येकाला ठाऊक होतं की उजेडानं ते मरतं. आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एका बघण्यानं काय होणार आहे. त्यात आमच्या शहाण्या लोकांनी यूव्ही दिवा कपाटाच्या शेजारीच खुंटीला टांगून ठेवलेला, म्हणजे अगदी घ्या आणि बघा.

पण मी सगळ्यांची ‘एकदा’ मिळवून पाहिली, तरी मधला भाग इतका विझायला ती पुरत नव्हती. कुणीतरी वारंवार बघत होतं, आणि निवांत बघत होतं. चावीकाकांना पुन्हा विचारलं तर ते छताकडे बघायला लागले. “दुपारच्या वेळी मी जरा आडवा होतो,” म्हणाले. “चावी खुंटीला असते.”

मग दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाल्यावर मी आणि वहिनी अंधारखोलीत जाऊन बसलो. कपाटात खऱ्या पट्टीच्या जागी मागच्या वर्षीची एक जुनी, अर्धी विझलेली पट्टी ठेवली होती. आम्ही कोपऱ्यातल्या पडद्यामागे, खाली फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. वहिनीला हसू येत होतं. मी तिला चिमटा काढला.

दार उघडलं. कुणीतरी आत आलं, पाठोपाठ आणखी पावलं. दार बंद झालं आणि अंधारात एक आवाज आला, जो मी जन्मल्यापासून ऐकते आहे.

“हात मागे. कशालाही बोट लावायचं नाही. आधी हे चष्मे घाला.”

आई! सोबत तिची चहाची मंडळी होती. पूर्वी टंकलेखनाला असलेल्या मावशी आणि ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या बाई. खुंटीवरचा दिवा काढल्याचा आवाज आला, कपाटाचं दार करकरलं, आणि जांभळट उजेडात पडद्याच्या फटीतून आम्हाला तिघी दिसल्या. यूव्हीपासून डोळे वाचवणारा पिवळा चष्मा आईनं उलटा घातला होता. वहिनीचा हात माझ्या हातात घट्ट झाला.

“आज जरा जास्त उजळ वाटतंय,” आई म्हणाली. “का माझेच डोळे? असो. बघा. हे सिलिकॉन. सिलिकॉन म्हणजे काय, तर वाळूत असतं ते. वाळूतून उजेड काढलाय माझ्या सुनेनं.”

“अगं बाई!” टंकलेखनवाल्या मावशी म्हणाल्या.

“तुम्हाला वाटेल सोपं आहे. सोडियम वितळवावं लागतं त्यासाठी. मी भांडारातून द्यायचे ना सोडियम, हात कापायचा माझा. चांगले चांगले लोक घाबरतात. ही उकळत्या टोल्युइनमध्ये ते टाकते आणि समोर उभी राहते. जरा हात हलला की संपलं. हिचा हात हलत नाही. मी दाराच्या काचेतून पाहिलंय. अजिबात हलत नाही.”

दिवा चालूच होता. माझे डोळे भरून आले होते आणि त्याच वेळी डोक्यात चाललं होतं की खरी पट्टी असती तर एवढ्यात तिचे किती दुवे तुटले असते.

“मग सांगितलंस का तिला हे कधी?” ग्रंथालयवाल्या बाईंनी विचारलं.

“तिला कशाला सांगू? डोक्यावर चढेल.” आईनं दिवा पट्टीच्या आणखी जवळ नेला. मग खालच्या आवाजात म्हणाली, “आणि मला नाही येत ते. इतकी वर्षं नाही बोलले, आता कुठल्या तोंडानं बोलू? म्हणून इथे येते. येऊन बघते आणि मग मुलांना आणायला जाते. दिवस बरा जातो.”

मी ठरवलं होतं की चोर सापडला की ओरडायचं. मी तशीच फरशीवर बसून राहिले. उठली ती वहिनी. पडदा बाजूला सारून ती पुढे झाली आणि म्हणाली, “आई, ते हात हलत नाही म्हणालात ना, ते परत एकदा म्हणा.”

आईनं दचकून दिवा जवळजवळ टाकलाच. मैत्रिणी दोघी किंचाळल्या. मी खोलीतला साधा दिवा लावला. उलट्या चष्म्यातली माझी आई भांडारात चोरी करताना पकडलेल्या माणसासारखी दिसत होती, आणि तसे तिनं आयुष्यात कितीतरी पकडले होते.

“तुम्ही दोघी इथे काय करताय?” तिनं उलट आम्हालाच दरडावलं.

मग मी सांगितलं. शक्य तितक्या नीट सांगितलं, तरी आवाज चढलाच. बघितलं की दुवे तुटतात, पट्टी विझत चाललीय, परीक्षक येणार आहेत. आई ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. तिनं चष्मा काढला.

“म्हणजे मी बघितलं म्हणून गेलं ते?”

वहिनीनं हळूच दिवा तिच्या हातातून काढून घेतला.

“मला वाटलं, बघितल्यानं काय झिजतंय.” ती स्टुलावर बसली. “माझ्यामुळे हिची नोकरी जाणार.”

मी माझ्या आईला कधी रडताना पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. तेव्हाही ती आलेल्या लोकांच्या चपला सरळ करत होती. आता तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि पुसायचं तिला सुचत नव्हतं. वहिनीनं आपल्या ॲप्रनच्या बाहीनं ते पुसलं.

“नाही जाणार, आई. उलट तुमच्यामुळेच कळलं. तुम्ही इतकं बघितलंत म्हणून मधलं एवढं विझलं. सगळे एकेकदाच बघून गेले असते, तर मधलं थोडंसंच मंद झालं असतं, कडेशी फरक डोळ्यांना दिसलाच नसता आणि मी माझ्याच पॉलिमरला दोष देत बसले असते. तुम्ही मधलं संपवलंत, कड राहिली. कड बघूनच तर समजलं.”

ती हे मन राखण्यासाठी म्हणाली की खरंच तसं होतं, हे मी नंतर तपासलं. बरंचसं खरं होतं.

परीक्षक आले. तिघे होते, आणि प्रमुख म्हणजे सर्दीनं बेजार झालेल्या एक बाई. दर वाक्यागणिक रुमाल. वहिनीनं काही लपवलं नाही. मधल्या भागाचा पडलेला आलेख पहिल्यांदा तिनंच समोर ठेवला. मग मी त्यांच्यासमोर पट्टी चौकटीतून काढली आणि किनार मोजली. उजेड जवळजवळ पहिल्या दिवसाइतकाच होता.

“मग मधला भाग का गेला?” प्रमुख बाईंनी विचारलं.

“बघितल्यामुळे,” वहिनी म्हणाली.

“कुणी बघितलं?”

“सगळ्यांनीच.”

सर खोकले. चावीकाका दारातून नाहीसे झाले. आणि दाराबाहेरून, जिथे तिला उभं राहायचं काही कारण नव्हतं, तिथून आईचा आवाज आला, “सगळ्यात जास्त मी. तिचा काही दोष नाही. लिहून घ्या.”

बाईंनी रुमाल खाली घेतला. “आपण कोण?”

“मी सासू.”

त्या इतक्या हसल्या की त्यांना शिंका आल्या. मग त्यांनी खोदून खोदून विचारायला सुरुवात केली. वहिनी उत्तरं देत होती आणि मला तिच्या मनगटाकडे बघायचा मोह होत होता. हलत नव्हतं. ती म्हणाली, अंधारात हे टिकतं, ते तुमच्यासमोर आहे. उजेडात अजून टिकत नाही, तेही समोर आहे. वरून काचेचा थर देऊन ऑक्सिजन अडवला तर किती फरक पडतो, ते मला पुढे बघायचंय. आणि आणखी एक गोष्ट म्हणजे जिथे जितका उजेड पडला, तिथे ही पट्टी तितकीच मंद झालीय. म्हणजे एखाद्या जागी यूव्ही किती पडतो हे सांगायलाही ती कामाला येईल. हे आम्हाला सुचलेलं नव्हतं, आईंच्या बघण्यानं सुचलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रमुख बाई म्हणाल्या, “किनार जरा दाखवता?” मी मंद दिवा लावला. निळी चौकट अंधारात उमटली. तिघेही पुढे वाकले.

“अजून एकदा,” बाई म्हणाल्या.

“नाही,” मी म्हणाले आणि दिवा काढून घेतला. सरांनी डोळे मिटून घेतले. पण बाई म्हणाल्या, “बरोबर आहे. बरोबर आहे तुमचं,” आणि रुमालात शिंकल्या.

काम पुढे चालू राहिलं. वहिनीची जागा कायम झाली. यूव्ही दिवा आता माझ्या खोलीत कुलपात असतो आणि चावी माझ्या गळ्यात. कुणी ‘फक्त एकदा’ म्हणत आलं की मी अशी काही बघते की ते जिन्यावरूनच परत जातात. हे बघणं मला कुणाकडून मिळालं, ते सांगायला नको.

आई मात्र बदलली. संस्थेत यायची, चहा प्यायची, पण अंधारखोलीच्या बाजूला फिरकायची नाही. घरीही गप्प. वहिनीनं एकदा नवा निकाल सांगितला तेव्हा तिनं मान हलवली, आणि तोंड उघडून पुन्हा मिटलं. ‘गार होतंय’ एवढंसुद्धा म्हणाली नाही, आणि ते फार वाईट वाटलं.

एका सुट्टीच्या दुपारी वहिनीनं स्वयंपाकघरात आईसमोर एक लहानशी डबी ठेवली. आत बोटाएवढी पट्टी होती, आणि शेजारी खिशात मावेल असा छोटा यूव्ही दिवा. पिवळा चष्माही होता. सरळ कसा घालायचा, ते दाखवायला त्यावर बाण काढला होता.

“हे काय?”

“तुमची पट्टी. संस्थेची नाही, परीक्षकांची नाही. उरलेल्या धाग्यांची केलीय. हिचं काही मोजायचं नाही, हिला काही टिकवायचं नाही. ही बघून संपवायची.”

आईनं डबी बंद केली आणि कपाटाकडे वळली. “नीट ठेवून देते.”

“आई.” वहिनीनं तिचा हात धरला. “इतकी वर्षं सगळं ठेवूनच दिलंत. आता हेही ठेवून देणार?”

“संपलं तर?”

“दुसरी करून देईन. करता येतं मला.”

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं खिडकीचा पडदा ओढला, चष्मा बाण बघून नीट घातला आणि दिवा लावला. डबीतून निळा उजेड वर आला, तिच्या हनुवटीवर, वहिनीच्या हातावर. आईनं पट्टीकडे पाहिलं, मग मान वर करून वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं.

“छान केलंयस गं,” ती म्हणाली. “फार छान केलंयस.”

दिवा चालूच होता. दोघींपैकी कुणीही तो बंद करेना. मी दारात उभी होते. किती वेळ, ते मला विचारू नका. त्या दुपारी मी काहीच मोजलं नाही.